पुळण निवडावी कशी? : अलिबागच्या किनाऱ्याचा पूर्ववृत्तांत

पुणे शहर आणि समुद्र यांचे नाते मोठे चमत्कारिक आहे. ज्या घराण्याने या शहरास राजधानीचे वैभव दिले, ते पेशव्यांचे भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे. म्हणजे समुद्राची गाज ऐकत वाढलेले. बाळाजी विश्वनाथ घाट चढून वर आला, त्याच्या पुत्राने पुण्यास शनिवारवाडा बांधला, आणि पुढील दोन पिढ्यांत या घराण्याची घोडी अटकेपर्यंत जाऊन आली. परंतु घाट चढताना जो समुद्र पाठीमागे राहिला तो पाठीमागेच राहिला. पुणेकरांच्या नित्याच्या बोलण्यात मुठा येते, पर्वती येते, सिंहगड येतो. समुद्र मात्र सुटीपुरता येतो आणि सुटी संपताच विसरला जातो.

हिवाळा लागला आणि मुलांना सुटी मिळाली म्हणजे घरोघर एकच विचारणा सुरू होते : या खेपेस कोणत्या समुद्रावर जावयाचे? वस्तुतः समुद्र एकच आहे. निवडावयाची असते ती पुळण. पुण्याहून खोपोली आणि पेण या मार्गाने सुमारे दीडशे किलोमीटरांवर अलिबाग हे लहानसे शहर आहे. त्याच्या उत्तरेस मांडव्यापासून दक्षिणेस मुरूडपर्यंत पुळणींची एक माळच पसरलेली आहे. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, नवगाव, थळ, वरसोली, खुद्द अलिबाग, आक्षी, नागाव, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड ही नावे नकाशावर एकाखाली एक वाचली तर सारखीच वाटतात. म्हणून निवड बहुधा वाळूचा रंग, जेवणाची सोय आणि शेजाऱ्याने आणलेली छायाचित्रे पाहून होते.

या माळेतील प्रत्येक पुळण पूर्वी कोणी ना कोणी काही विशिष्ट हेतूने निवडलेली आहे. व्यापाऱ्याने खाडीचे मुख पाहून निवडली, राजाने खडक पाहून निवडली, कोळ्याने वाऱ्याचा आडोसा पाहून निवडली आणि शास्त्रज्ञाने शांतता पाहून निवडली. या किनाऱ्याच्या दोन हजार वर्षांच्या वृत्तांतातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्याने किनारा ओळखून पाऊल टाकले त्याचे काम झाले, आणि जो तो न ओळखता उतरला त्याला बहुधा पस्तावावे लागले. हा नियम आरमारांना लागू पडला तसा आज सहलीस जाणाऱ्या कुटुंबासही लागू पडतो.

किनारा ओळखणे म्हणजे प्रथम भरती-ओहोटी ओळखणे. कोकणातील शेतकऱ्याला आणि कोळ्याला त्यासाठी छापील तक्त्याची गरज नसे. त्याला तिथी पुरत असे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती समजावी, असा त्यांचा जुना आडाखा आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता भरती येते. दुपारी जशी तशीच रात्रीही, आणि दोहोंच्या मधोमध, म्हणजे सुमारे सव्वासहा तासांनी, ओहोटी. चंद्र रोज सुमारे पाऊण तासाने मागे पडतो आणि त्याच्या ओढीने चढणारे पाणीही तितकेच मागे पडते, एवढेच या आडाख्याचे मर्म होय. पौर्णिमा व अमावास्या या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात येतात आणि पाण्याची चढउतार मंदावते. ती भांगेची भरती. अलिबागच्या बाजूस उधाणाच्या दिवशी भरतीचे आणि ओहोटीचे पाणी यांच्या उंचीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. एका माणसाच्या डोक्यावर दुसरा उभा केला तरी त्याहूनही अधिक असे हे अंतर आहे. दुपारी जेथे मुले वाळूचे किल्ले बांधीत असतात तेथे संध्याकाळी दोन पुरुष पाणी असू शकते, हे घाटावरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

या भरती-ओहोटीचा राज्यकारभारात उपयोग कसा करून घ्यावा, याचा उत्तम धडा अलिबागच्या पुळणीवर उभे राहिले असता समोरच दिसतो. तो धडा म्हणजे कुलाबा किल्ला. किनाऱ्यापासून जवळच्या एका खडकावर हा किल्ला बांधण्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आपल्या निर्वाणापूर्वी काही दिवसच, सुरू करविले आणि संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत १६८१ मध्ये ते पुरे झाले. हा खडक भरतीच्या वेळी बेट असतो आणि ओहोटीच्या वेळी जमिनीचे टोक होतो. दिवसातून दोन वेळा समुद्र त्याचा खंदक भरतो आणि दोन वेळा रिकामा करतो. धान्य, दारूगोळा, माणसे ओहोटीच्या वाटेने पायी नेता येतात. शत्रूने तीच वाट धरली तर परतीची वाट बंद करण्यास भरती आहेच. सभोवारचे पाणी उथळ आणि खडकाळ असल्यामुळे मोठ्या जहाजांना तेथे जपून वागावे लागे. तटाचे मोठमोठे चिरे कित्येक ठिकाणी चुन्यावाचून नुसते एकमेकांवर बसविलेले आहेत. लाट फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तेथेच जिरतो. किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची सोय आहे, आणि १७५९ मध्ये राघोजी आंग्रे याने बांधलेले गणपतीचे देवालयही आहे.

हा किल्ला पाहण्यास जाणाऱ्याने तीच विद्या वापरावी. चतुर्थीच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी पूर्ण असते. त्या आधी तासभर निघावे आणि पाणी वळू लागण्यापूर्वी परतावे. अष्टमीच्या आसपास पाणी पुरेसे उतरतच नाही, म्हणून तो दिवस टाळावा अथवा होडीने जावे. छापील वेळापत्रक मिळाल्यास उत्तमच. परंतु ते नसले तर घरातील पंचांगही तेवढेच काम करते.

अलिबागच्या उत्तरेस वरसोलीची पुळण ओलांडून पुढे गेले म्हणजे थळ लागते. थळची पुळण स्नानासाठी कोणी फारशी निवडीत नाही. तो कोळ्यांचा राबता किनारा आहे. परंतु तेथून समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही जी दोन बेटे दिसतात, त्यांनी एके काळी मुंबईकर इंग्रजांची झोप उडविली होती. मुंबई बंदरात जाणारे गलबत या बेटांच्या नजरेतून सुटत नसे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी याच्याकडून खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू करविले. इंग्रजांनी त्यास अडथळा करण्यासाठी जहाजे पाठविली. ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली आणि त्यांचे ‘डव्ह’ नावाचे गलबत मराठ्यांच्या हाती लागले. इंग्रजांची जहाजे मोठी आणि तोफा भारी. परंतु वारा पडला की ती जागच्या जागी खिळत. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालत, रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून बेटावर दाणागोटा पोहोचवीत आणि उजाडण्यापूर्वी परत येत. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना खांदेरीचा नाद सोडावा लागला. त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी गाठून तटबंदी केली, आणि हाकेच्या अंतरावर दोन वैरी समोरासमोर येऊन बसले. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेने २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरीची गणना झाली आहे.

थळच्या वर नवगाव आणि किहीम या पुळणी आहेत. नवगावचा वृत्तांत निराळा आहे, कारण तेथे जे लोक उतरले त्यांनी ती पुळण निवडली नव्हती. पुळणीनेच त्यांना निवडले. बेने इस्राएल लोकांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यालगत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली, आणि बुडालेल्यांना नवगावच्या भूमीत मूठमाती देण्यात आली. ही घटना नेमकी कधी घडली याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु नवगावची दफनभूमी आणि तेथील स्मारक ही आजही त्या समाजाची तीर्थे आहेत. हे लोक कुलाब्याच्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, गावावरून आडनावे घेऊ लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागेतील इस्राएल आळी आणि तेथील प्रार्थनामंदिर यांवरून त्यांच्या वस्तीची कल्पना येते. अलिबाग हे नावही अली नावाच्या एका धनिक बेने इस्राएल गृहस्थाच्या बागांवरून पडले, असे स्थानिक लोक सांगतात. पुणेकरांना हा समाज परका नाही. रास्ता पेठेतील त्यांचे प्रार्थनामंदिर अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. त्या वाटेचा उगम नवगावच्या वाळूत आहे, एवढे मात्र थोड्यांस ठाऊक असते.

किहीमची पुळण सुरूच्या आणि नारळीच्या सावलीमुळे सहलीकरांस प्रिय आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनी याच गावी राहून १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या वीण-जीवनाचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडल्यास त्यात बिऱ्हाड मांडते आणि मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो. ही सारी संसारकथा त्यांनी तेथे धीराने पाहून जगापुढे मांडली. किहीमच्या उत्तरेस सासवणे येथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर असून त्यांची शिल्पे तेथे मांडून ठेवलेली आहेत. पुण्यास श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ साली उभारलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच सासवण्याच्या करमरकरांनी घडविला. ज्यांना पाण्यात उतरण्यापेक्षा झाडाखाली बसणे आवडते, अशा वडीलधाऱ्या मंडळींनी या उत्तरेकडील पुळणी निवडाव्या. मुंबईकरांचा लोंढा मात्र तेथेच प्रथम येतो. २०२० पासून मांडव्यास मोटारी वाहून आणणारी मोठी बोट सुरू झाल्याने तो वाढला आहे.

आता खुद्द अलिबागकडे वळावे. शहरात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. १७२९ मध्ये त्यांचा अंत झाला, तोपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या परवान्यावाचून व्यापारी गलबत सुखाने फिरत नसे. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. परंतु आपल्या समुद्रात परवाना मागणे ही चाचेगिरी आणि दुसऱ्याच्या समुद्रात परवाना विकणे हा व्यापार, हा न्याय पोर्तुगीजांनी व इंग्रजांनी सोयीने बनविलेला होता. १७२१ च्या अखेरीस या दोघांनी एकत्र होऊन कुलाब्यावर स्वारी केली. इंग्रज आरमाराचा मुख्य थॉमस मॅथ्यूज होता; पोर्तुगीजांचा गोव्याचा व्हाइसरॉय जातीने आला होता. चौलास जमाव करून हे सैन्य अलिबागवर चालून गेले. इकडे शाहू महाराजांच्या आज्ञेने तरुण बाजीराव घोडदळ घेऊन घाट उतरला. शिड्या लावून तट चढण्याचा इंग्रजांचा यत्न फसला, पोर्तुगीजांची फळी मोडली, आणि तोफा व दारूगोळा तेथेच टाकून सैन्यास मागे फिरावे लागले. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी बाजीरावाशी तह केला. समुद्राची लढाई जमिनीवरून जिंकता येते, कारण समुद्रावरून आलेल्यास शेवटी पुळणीवरच उतरावे लागते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

परंतु या विजयाची दुसरी बाजूही पुणेकरांनी विसरू नये. कान्होजींच्या पश्चात आंग्रे घराण्यात फूट पडली. त्यांचा पुत्र तुळाजी विजयदुर्गास बसून पेशव्यांस जुमानीनासा झाला. तेव्हा नानासाहेब पेशव्याने इंग्रजांची मदत घेतली, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजीचे सारे आरमार जळून गेले. ज्या पुणे दरबारने १७२१ मध्ये आंग्र्यांचा किनारा वाचविण्यास घोडी पाठविली, त्याच दरबारने पस्तीस वर्षांनी आंग्र्यांचे आरमार बुडविण्यास परक्यांचा हात धरला. तुळाजीचा दोष लहान नव्हता, हे खरे. तथापि घरच्या भांडणात जहाजे जळाली ती पुन्हा उभी राहिली नाहीत, आणि पुढे इंग्रजांना समुद्रावर अडविणारा कोणी उरला नाही. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान वारसाच्या अभावी १८४० मध्ये खालसा झाले. पुढे जिल्ह्यास कुलाबा हे नाव मिळाले आणि १९८१ मध्ये ते बदलून रायगड झाले.

अलिबागची पुळण आणखी एका निवडीमुळे शास्त्रीय जगात प्रसिद्ध आहे. मुंबईच्या कुलाब्यास एक वेधशाळा होती व तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबकीय सुया ढळणार, हे जाणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी शांत जागेचा शोध केला आणि अलिबाग निवडले. लोखंड वर्ज्य करून तेथे इमारत बांधली गेली. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, म्हणजे जुनी मालिका तुटू नये. त्या दूरदृष्टीमुळे मुंबई-अलिबागची ही नोंद जगातील अत्यंत दीर्घ अशा चुंबकीय नोंदींमध्ये मोडते. किल्ल्याकडे धावणाऱ्या गर्दीने या वेधशाळेवरून जाताना क्षणभर थांबावे. जागा बदलली तरी जुन्याशी धागा तोडू नये, हे येथे केवळ बोलून नव्हे तर दोन वर्षे दुहेरी कष्ट करून दाखविलेले आहे.

अलिबागच्या दक्षिणेस खाडी ओलांडली की आक्षी आणि नागाव ही जोडगावे लागतात. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारा अरुंद रस्ता, पलीकडे सुरूचे बन आणि मग लांबच लांब सपाट पुळण असा हा रम्य प्रदेश आहे. लहान मुले बरोबर असतील तर याच पुळणी सोयीच्या. उतार मंद आहे आणि ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवर दूरवर चालता येते. परंतु मराठी मनुष्याने आक्षीस जावे ते केवळ वाळूसाठी नव्हे. तेथे शिलाहार राजा केशिदेव याच्या काळचा एक शिलालेख आहे. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचण्यात आला असून त्या वाचनाप्रमाणे तो मराठी भाषेतील सर्वांत जुना ज्ञात शिलालेख ठरतो. या कालवाचनास काही अभ्यासकांनी हरकत घेतली आहे, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. लेखात महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्य दिल्याची नोंद आहे. ज्ञानेश्वरीच्या आधी जवळजवळ पावणेतीनशे वर्षे एका समुद्रकाठच्या खेड्यात कोणी प्रधान आपले दान मराठीत कोरून ठेवतो, याचा अर्थ ते वाचणारे लोक मराठी होते. हा दगड दीर्घकाळ रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस सोशीत उभा होता. त्यावरून जाणाऱ्या हजारो लोकांना पुळण दिसत होती. आपल्या भाषेचे इतके जुने अक्षर मात्र दिसत नव्हते.

नागावच्या पुढे चौल आणि रेवदंडा. आज चौल हे वाड्यांनी झाकलेले शांत गाव आहे; परंतु रोमन बादशाहीच्या काळी ग्रीक नाविकांनी ज्याला ‘सेमुल्ला’ अथवा ‘सिमुल्ला’ म्हटले ते हेच बंदर, असे मानले जाते. अरब प्रवासी अल् मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलास उतरला आणि घाट चढून जुन्नरास गेला. पावसाळा त्याने तेथेच काढला. जुन्नरच्या अधिकाऱ्याने त्याचा घोडा हिरावून घेतला व धर्म बदलण्याची अट घातली. मोठ्या प्रयासाने तो घोडा त्याला परत मिळाला. आज पुण्याचा मनुष्य सुटीसाठी ज्या दिशेने घाट उतरतो, त्याच दिशेने एके काळी देशावरचा व्यापार समुद्राकडे उतरत होता.

चौलचे भाग्य कुंडलिका नदीच्या मुखावर अवलंबून होते. खाडीत जहाजांना आडोसा मिळे आणि मुखावर दोन्ही बाजूंनी पहारा ठेवता येई. १५०८ मध्ये येथेच इजिप्तचे आणि गुजरातचे आरमार यांनी मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला आणि व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पोर्तुगीजांनी ती जागा सोडली नाही. त्यांनी रेवदंड्यास कोट बांधला, १५७०–७१ चा निजामशाहीचा वेढा सोसला, आणि १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर घेऊन खाडीचे दुसरे मुखही ताब्यात ठेवले. १७४० मध्ये चौल मराठ्यांस मिळाले. परंतु तोपर्यंत व्यापार मुंबईकडे वळू लागला होता, आणि गाळाने भरणाऱ्या खाडीत मोठी जहाजे येईनाशी झाली. रेवदंड्याच्या कोटाच्या भिंती आज नारळीच्या बागांत उभ्या आहेत आणि पलीकडे कोर्लई गावात काही कुटुंबे अद्याप पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली घरात बोलतात. ज्याला पुळणीपेक्षा भग्न तटांत अधिक रस आहे त्याने दिवस रेवदंड्यास आणि संध्याकाळ कोर्लईच्या डोंगरावर काढावी.

कोर्लईच्या पुढे काशीद आणि मुरूड. येथील समुद्र मोकळा आहे. काशीदची वाळू फिकट, स्वच्छ आणि डोळ्यांस सुखविणारी आहे. म्हणूनच तेथे गर्दी अधिक. मुरूडच्या समोर पद्मदुर्ग आणि राजपुरीच्या खाडीमुखावर जंजिरा हे दोन जलदुर्ग आहेत. जंजिरा शिवाजी महाराजांना घेता आला नाही, संभाजी महाराजांना घेता आला नाही, पेशव्यांनाही नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हाच सिद्दींची सत्ता तेथून उठली. सिद्दींना आपला समुद्र ठाऊक होता, आणि हेच त्यांच्या तटापेक्षाही मोठे बळ होते.

याच मुरूडच्या पुळणीवर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल आली होती. समुद्रात उतरलेले विद्यार्थी पाण्याच्या ओढीत सापडले आणि डझनाहून अधिक तरुण मुलेमुली प्राणास मुकली. त्या रात्री पुण्यातील अनेक घरांत दिवा मालवला नाही. या दुर्घटनेचा उल्लेख दोषारोपासाठी नव्हे, तर पुळण निवडणे हा केवळ आवडीनिवडीचा विषय नाही एवढे ध्यानात यावे म्हणून करावयाचा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी वाळूत एखादी अरुंद वाट शोधते. तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा नवख्या डोळ्यास सर्वांत शांत दिसते. परंतु तीच सर्वांत घातकी असते. त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे, आणि पोहता येत नसेल तर पाण्यात गुडघ्यापलीकडे जाऊच नये. पाण्यात उतरण्यापूर्वी तेथील एखाद्या कोळ्यास अथवा जीवरक्षकास “आज पाणी कसे आहे?” असे विचारावे. हा प्रश्न विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. महाराजांनी आरमार उभारले ते कोळी-भंडाऱ्यांना विचारूनच. खांदेरीचे काम मायनाक भंडाऱ्यावर सोपविण्यात हेच शहाणपण होते.

येणेप्रमाणे विचार केला म्हणजे निवड सोपी होते. वृद्धांना आणि सावली शोधणाऱ्यांना किहीम-सासवणे. लहान मुलांना आक्षी-नागाव, तेही ओहोटीच्या वेळी. इतिहासवेड्यांना अलिबाग आणि रेवदंडा. ज्यांना समुद्राचे रूप पाहावयाचे आहे, त्याच्याशी झोंबी घ्यावयाची नाही, अशांना काशीद आणि मुरूड. नवगावास आणि थळास मात्र करमणुकीसाठी जाऊ नये. एक पूर्वजांच्या विसाव्याची जागा आहे आणि दुसरी कोळ्यांच्या पोटापाण्याची. तेथे पाहुण्यासारखे जावे, पाहुण्यासारखे परतावे, आणि मागे कचरा ठेवू नये.

पुण्याच्या घरांत पंचांग असते आणि भिंतीवर शिवछत्रपतींचे चित्र असते. सहलीला निघण्यापूर्वी त्या पंचांगात तिथी पाहावी आणि त्या चित्राच्या धन्याने खडक कसा पारखला होता ते मुलांना सांगावे. मग मुले कुलाब्याच्या वाटेवर ओल्या वाळूतून चालतील ती नुसती गंमत म्हणून नव्हे. पाणी कोणत्या घटकेस वळणार हे जाणून चालतील, आणि ते वळण्यापूर्वी सुखरूप किनाऱ्यास लागतील.